फेरफार

गावात माझं सेवा केंद्र आहे. राळेगाव तालुका, जिल्हा यवतमाळ. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, आणि सर्व्हर बंद असला की लोकांच्या शिव्या, हा आपला धंदा. म्हणून नागपूरला डॉक्टर मॅडमच्या तोंडून 'म्युटेशन' ऐकलं तेव्हा बायको दचकली, मी नाही दचकलो. माझ्यासाठी तो रोजचाच शब्द, सातबाऱ्यावरच्या फेरफाराला, म्हणजे मालकी बदलाच्या नोंदीला, इंग्रजीत म्युटेशन एन्ट्रीच म्हणतात. मी म्हटलं, "म्हणजे माझ्या पोटात फेरफार झाला का मॅडम?" मॅडम हसल्या. मोर्शीकडच्या होत्या, घरी संत्र्याचा बगीचा, त्यांना बरोबर कळलं. म्हणाल्या, "झाला, पण खरेदीचा आहे का वारसाचा, ते पाहायचं आहे."

पण हे बरंच पुढचं झालं. सुरुवात अशक्तपणानं झाली. कापूस वेचणी चालू होती, केंद्रावरून घरी येताना गाडीवर चक्कर आली, नशीब गाडी धुऱ्याकडं कलंडली. पीएचसीत रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ६.८. आमच्या भागात हिमोग्लोबिन कमी दिसलं की पहिले सिकलसेल, हा घराण्यातून येणारा रक्ताचा आजार, पाहतात, आणि ते बरोबरच आहे, आमच्या इकडे घरोघरी आहे ते. माझी त्याची सोल्युबिलिटी टेस्ट निगेटिव्ह आली. मग लोहाच्या गोळ्या. त्यानं संडास काळी होते हे सगळ्यांना माहीत, म्हणून काळी दिसली तरी कोणी काही मनावर घेतलं नाही, मीही नाही. तालुक्याच्या एका डॉक्टरकडं दोनदा ताकदीची सलाईन लावली. अशात पाच महिने गेले, ते माझे मीच घालवले म्हणा, कारण सलाईन लावली की दोन दिवस खरंच बरं वाटायचं.

शेवटी ग्रामीण रुग्णालयात एक नवीन पोरगी डॉक्टर आली होती, बॉण्डवाली, वय पंचवीसच्या आसपास. तिनं सगळे कागद पाहिले आणि म्हणाली, "काका, बाईमाणसाचं रक्त कमी झालं तर आम्ही पाळीचं विचारतो. तुम्ही पुरुष. तुमचं रक्त कुठं जाऊन राहिलं?" हा प्रश्न पाच महिन्यांत कोणी विचारला नव्हता. तिनंच चिठ्ठी देऊन नागपूरला कोलोनोस्कोपीला पाठवलं.

कोलोनोस्कोपीत काही दुखत नाही, भूल देतात. खरा त्रास आदल्या दिवशीचा. पावडर दोन लिटर पाण्यात घोळून प्यायची, चव मीठ टाकलेल्या लिंबू सरबतासारखी, आणि मग रात्रभर लोटा. दुसऱ्या दिवशी स्क्रीनवर डॉक्टरांनी बायकोला दाखवलं, उजव्या बाजूला मोठ्या आतड्याच्या सुरुवातीलाच गाठ, फुलकोबीसारखी. डॉक्टर म्हणे उजवीकडं मळ पातळच असतो त्यामुळं अडत नाही, दुखत नाही, रक्त थेंब थेंब मळातच मिसळून जाते, दिसत नाही. माणूस आपला गोळ्या खात बसतो.

बायोप्सीत कॅन्सर निघाला. मग सीटी स्कॅन, ऑपरेशन, हे भराभर झालं. जन आरोग्य योजनेत बसलं, म्हणून वावर विकावं लागलं नाही. उजवीकडचं आतडं काढलं, सोबतच्या २२ लसीका गाठी (लिम्फ नोड) तपासल्या त्या सगळ्या साफ निघाल्या, म्हणजे स्टेज दोन. मला वाटलं सुटलो. पण सर्जन म्हणाले, वय ३९, गाठ उजवीकडची, वडील पण पोटाच्या गाठीनं गेले म्हणता, तर काढलेल्या गाठीची अजून एक तपासणी करून घ्या.

इथं माझी एक फजिती झाली, ती सांगतो कारण दुसऱ्या कोणाचे पैसे वाचतील. सर्जननं कागदावर आयएचसी लिहून दिलं होतं. तो कागद घेऊन मी खाली उतरलो तर एका लॅबचा माणूस उभा, गोड बोलणारा. म्हणे दादा कॅन्सरची म्युटेशन टेस्ट म्हणजे हीच, ₹१२,०००, गाठीचा ब्लॉक आम्हीच काढून घेतो, तुम्ही फक्त सही करा. मी दिवसभर लोकांना सांगत असतो की न वाचता सही करू नका. केली. पंधरा दिवसांनी रिपोर्ट आला, केआरएएस, एनआरएएस, बीआरएएफ, ही जीनची नावं, तिघांच्याही पुढं लिहिलेलं 'वाइल्ड टाइप'. बायकोनं वाइल्डचा अर्थ मोबाइलवर पाहिला आणि रडायलाच लागली, म्हणे जंगली जातीचा कॅन्सर आहे. मला पण रात्री झोप नाही.

सर्जननं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. वाइल्ड टाइप म्हणजे मूळ आहे तसाच, काही बदल नाही. चांगलं-वाईट दूरच, मला त्या टेस्टची गरजच नव्हती. ती लागते कॅन्सर दुसरीकडं पसरला असला तर, कारण सेटुक्सिमॅब नावाचं एक इंजेक्शन आहे, ते केआरएएसमध्ये बिघाड असला की चालत नाही. माझ्या बाजूच्या बेडवर कळंबचे एक काका होते, लिव्हरपर्यंत गेलेलं, त्यांना ती टेस्ट खरंच हवी होती आणि त्यांच्याजवळ पैसे नव्हते. मी पैसे भरून नको ती केली. म्हणजे फेरफार काढायचा होता एका गटाचा आणि मी नक्कल आणली दुसऱ्याच गटाची.

आता ब्लॉक त्या लॅबकडं अडकलेला. ब्लॉक म्हणजे काय ते मलाही तोवर माहीत नव्हतं. गाठीचा तुकडा मेणात बसवतात, आणि ते मेण एका चपट्या प्लास्टिकच्या चौकटीवर चिकटवलेलं असते, साबणाच्या छोट्या वडीएवढं, बाजूला पेन्सिलनं नंबर. दोन चकरा मारल्या तेव्हा शनिवारी संध्याकाळी तो हातात पडला. आयएचसी करणारी लॅब दुसरीकडं, ती सोमवारी उघडणार. मे महिना, नागपूर ४५ अंशावर. मेणाचा तुकडा खिशात घेऊन मी वर्ध्याच्या गाडीत बसलो, खिडकीतून नुसती वाफ. मनात एकच, हे वितळलं तर माझी गाठ गेली, पुन्हा कुठून आणायची. पाण्याची बाटली दुपट्ट्यावर ओतली, त्यात डबी गुंडाळली आणि मांडीवर घेऊन बसलो. शेजारचा म्हणे, "का आणलं जी, आइसक्रीम हाये का?"

घरी फ्रिजमध्ये ठेवायला गेलो तर बायको आडवी. "दुधाच्या बाजूले ते नोको ठेवू बाप्पा." मग माठाखालच्या ओल्या रेतीत, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, दोन रात्री माझा कॅन्सर तिथं राहिला. माय सकाळी माठ भरायला गेली की हात जोडायची, कशाला ते तिलाच माहीत. सोमवारी लॅबमधल्या पोराला हे सांगितलं तर तो पोट धरून हसला. हे मेण साठ डिग्रीच्या आसपास वितळते म्हणे, आमच्याकडं वर्षानुवर्षं साध्या कपाटात पडले असतात ब्लॉक.

आयएचसी ₹६,००० च्या आत झालं. यात गाठीचे पातळ काप करून चार प्रोटीन आहेत का ते रंग लावून पाहतात, एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६. तिथल्या पॅथॉलॉजीच्या सरांनी मला मायक्रोस्कोपमधून दाखवलं, मीच मागे लागलो होतो. प्रोटीन असलं की पेशीच्या मधला ठिपका तपकिरी होते. पहिल्या दोन काचांवर सगळं तपकिरी, चहाचे थेंब सांडल्यासारखं. तिसऱ्या काचेवर गाठीच्या पेशी निळ्या, पूर्ण निळ्या, आणि त्यांच्यामध्ये बारीक बारीक तपकिरी ठिपके विखुरलेले. सर म्हणे ते तपकिरी ठिपके तुमच्या चांगल्या पेशी, पांढऱ्या, त्यांना रंग लागला म्हणजे आमचा रंग बरोबर आहे, आणि निळ्या राहिल्या त्यांच्यात प्रोटीनच नाही. चौथी काच पण तशीच निळी. एमएसएच२ आणि एमएसएच६ दोन्ही गायब. मी विचारलं दोन कसे काय गेले एकदम. तर म्हणे हे जोडीनं काम करतात, एमएसएच२ नसला तर एमएसएच६ टिकत नाही. बैलजोडीतला एक बसला की दुसरा एकटा काय वखर ओढणार, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

हे प्रोटीन करतात काय, तर चुका दुरुस्त करतात. पेशी फुटून दोन होताना आतलं सगळं लिखाण उतरवून काढावं लागते, त्यात अक्षरं चुकतात. सातबारा हातानं लिहिलेल्यावरून कॉम्प्युटरवर घेतला तेव्हा किती चुका झाल्या होत्या ते आठवा, कोणाचं क्षेत्र कमी, कोणाच्या बापाचं नावच वेगळं, मग कलम १५५ खाली अर्ज करून दुरुस्त्या चालल्या. हे चार प्रोटीन म्हणजे पेशीतलं कलम १५५ चं टेबल. माझ्या गाठीत ते टेबलच बंद. चुकावर चुका साचत गेल्या आणि गाठ झाली.

याचा एक फायदाही झाला. स्टेज दोन आणि हे प्रोटीन नसलेली गाठ, यात नेहमीच्या एकट्या ५-एफयू औषधाच्या किमोचा उपयोग होत नाही आणि अशी गाठ परत येण्याचा धोकाही कमी असतो, म्हणून मला किमो लागली नाही. ज्या कागदानं घाबरवलं त्यानंच सहा महिन्यांच्या सुया वाचवल्या.

आता मोर्शीवाल्या मॅडम. त्या जेनेटिक काउन्सेलर, म्हणजे घराण्यातून येणाऱ्या आजारांबद्दल सल्ला देणाऱ्या. त्यांनी सांगितलं की गाठीत जे बिघडलं ते कधी फक्त गाठीतच बिघडलेलं असते, तो खरेदीचा फेरफार, तुमच्याच हयातीत झाला, तुमच्यासोबत जाईल. आणि कधी तो जन्मापासून अंगातल्या प्रत्येक पेशीत असते, आई किंवा बापाकडून आलेला, तो वारसाचा. त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात, आतड्याच्या शंभर कॅन्सरमध्ये तीनेक जणांत निघते. तो रक्तातून तपासायचा. पण रक्त घ्यायच्या आधी त्यांनी एक कोरा कागद ओढला आणि म्हणाल्या, घरातल्या सगळ्यांचं सांगा. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई, कॅन्सर असला की काळं भरायचं, वारलेल्यावर तिरपी रेघ.

वडील कधी गेले? मी १२ वर्षांचा होतो एवढं आठवते. वय किती होतं? कोणालाच नक्की माहीत नाही. आजी नव्वदीची, ती सांगते, "पोयाच्या आदल्या दिशी गेला माहा लेक, बैलाले मठाठी बांधून ठेवल्या होत्या." साल विचारलं तर नाही. मग सुचलं. वडिलांच्या मृत्यूनंतर आमची नावं चढली तो वारस फेरफार आपल्या हाताखालच आहे. पटवाऱ्याकडून नक्कल काढली, त्यात मयताची तारीख, १९९६. शाळेच्या दाखल्यावरून जन्म धरला तर ४३ वर्षं. आजोबांचं पण तसंच, १९७४ चा फेरफार, मोडी वळणाच्या मराठीत 'मयत' लिहिलेलं. ते 'जुलाब लागून' गेले म्हणे, पन्नाशीच्या आत. आमच्या घराण्यात पुरुष टिकत नाही असं लोक म्हणायचे, कोणी म्हणे विहिरीचा दोष, कोणी म्हणे करणी. एवढे वर्ष तेच चाललं.

तो कागद घेऊन मी मोठ्या ऐटीत मॅडमकडं गेलो. त्यांनी पाहिला आणि म्हणाल्या, "बायका कुठं आहेत?"

फेरफारात बायका नव्हत्या. आजोबांच्या वारसात आत्याचं नावच नाही, त्या काळी घेतच नव्हते कोणी. कागद म्हणते की मला आत्या नव्हती. घरी येऊन आजीला विचारलं तर ती सहज बोलली, "तुया आत्याले पिशवीची गाठ नोयती का झाली, हिंगणघाटले ऑपरेशन केलतं, मंग वर्षभर जगली." पिशवी म्हणजे गर्भाशय. आत्या ४८ ची होती. आजी हे तीस वर्षांत बोलली नव्हती कारण कोणी विचारलं नव्हतं, आणि मी आतड्याचं विचारत होतो, ती पिशवीचं कशाला सांगेल. पण लिंचमध्ये जो जीन बिघडतो, तोच बायकांमध्ये गर्भाशयाचाही कॅन्सर करतो. मॅडमनी गोल काढला, काळा भरला, रेघ मारली, आणि म्हणाल्या, आता चित्र पुरं झालं.

त्यांनीच एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत मिशिगनमध्ये १८९५ साली एक कपडे शिवणारी बाई तिथल्या वॉर्थिन नावाच्या डॉक्टरला म्हणाली, आमच्या घरात सगळे पोटाच्या नाहीतर पिशवीच्या कॅन्सरनं मरतात, मी पण तशीच मरणार. आणि तशीच गेली. डॉक्टरनं तिच्या घराण्याचा पूर्ण कागद काढून १९१३ ला छापला. पुढं १९६० च्या दशकात हेन्री लिंचनी हे काम उचललं, म्हणून त्यांचं नाव. त्या घराण्यात शेवटी जो जीन सापडला तो एमएसएच२, जो १९९३ मध्ये ओळखला गेला. त्या बाईला कोणी वेडी नाही म्हटलं आणि देवऋषीकडं नाही नेलं, याचं मला जास्त नवल वाटलं.

रक्त एक नळी, जांभळ्या टोपणाची. ते बेंगळुरूला गेलं. ₹१८,०००, तूर विकून दिले. मॅडमनी आधीच सांगून ठेवलं की उत्तर तीन प्रकारचं येऊ शकते, बिघाड आहे, नाही, किंवा बदल दिसतो पण त्याचा अर्थ अजून कोणाला लागला नाही. तिसरा म्हणजे आपला प्रलंबित फेरफार, त्यावर काहीच करायचं नाही, नोंद पक्की होईपर्यंत थांबायचं. साडेचार आठवड्यांनी फोन आला. एमएसएच२, पॅथोजेनिक, म्हणजे रोग करणारा बिघाड. पक्का. जमिनीच्या फेरफाराला १५ दिवसांची नोटीस असते, हरकत घेता येते. इथं ती सोय नाही.

खरी लढाई इथून पुढं. मला हा बापाकडून आला, म्हणजे ताईलाही येण्याची शक्यता अर्धी. नाणं उडवल्यासारखं. माझ्या पोरालाही अर्धी, पण तो ११ वर्षांचा आहे आणि लहान पोरांची ही तपासणी करत नाहीत, तो १८ चा झाला की त्याचं तो ठरवेल. ताई ४४ ची, राळेगावपासून दूर, घाटंजीकडं दिलेली. तिला फोनवर सांगितलं तर म्हणे बरं. मग महिनाभर फोन नाही. भाऊजींचा आला. "तुमचं ऑपरेशन झालं, आमाले वाईट वाटलं. पण हे रगताचं घरात काढू नका. पोरीची सोयरीक चालू हाये. उद्या कोणी म्हटलं हिच्या घराण्यात असं हाये, तं पोरगी घरीच रायली ना." मी भांडलो नाही. त्यांचं म्हणणं चुकीचं होतं पण खोटं नव्हतं, आमच्या इकडं सिकलसेलचा लाल कार्ड असलेल्या पोरींचं काय होते ते मी पाहिलेलं आहे. मी एवढंच म्हटलं की रिपोर्ट मला आणि ताईला सोडून कोणाला दिसत नाही, आणि ताईसाठी पूर्ण तपासणी लागत नाही, माझा बिघाड कुठं आहे ते माहीत झालं, तेवढी एकच जागा पाहायची, ₹४,५००.

ताई आली ती पोळ्याच्या आदल्या दिवशी, न सांगता, एसटीनं. वडिलांच्या फोटोला फूल वाहिलं, चहा प्याली, आणि माझ्याकडं पाहून म्हणाली, "वावराचं हक्कसोड करतानी तू गाडी घेऊन आलता. ताई सही कर, ताई सही कर. केली मी. आता याचं हक्कसोड कुठी भेटते ते सांग, सही करतो."

२०११ मध्ये तिनं सोडलेली दीड एकर माझ्याच नावावर आहे. मला काही बोलता आलं नाही. बायकोनं तिच्या ताटात पुरणपोळी वाढली आणि विषय बदलला.

सप्टेंबरमध्ये तिची नळी गेली. तीन आठवड्यांनी रिपोर्ट, तिलाही आहे. ती रडली नाही, भाऊजी रडले. कोलोनोस्कोपीत तिच्या आतड्यात एक सेंटीमीटरचा पॉलिप, म्हणजे मोड, निघाला, तिथल्या तिथं काढला, तपासणीत कॅन्सर नव्हता. डॉक्टर म्हणे साध्या माणसात अशा मोडाला कॅन्सर व्हायला दहाएक वर्षं लागतात, लिंचमध्ये दोन-तीन वर्षांतही होतो, म्हणून आता दर वर्षा-दोन वर्षांनी दुर्बीण. पिशवीचं तिनं दिवाळीनंतर ठरवायचं म्हटलं आहे, लेकरं झालेली आहेत, काढून टाकली तर तिकडचा धोका मिटतो असं डॉक्टरांनी समजावलं. भाची २२ ची. तिनं मला व्हॉट्सअॅपवर एवढंच विचारलं, मामा, वय किती झाल्यावर करायची असते? मी सांगितलं, दुर्बीण २० ते २५ पासून सुरू करतात, पण आधी रक्त, ते तुला पाहिजे तेव्हा. तिनं अंगठा पाठवला. पुढं काही नाही. मीही विचारलं नाही.

यंदा आमची दोघांची कोलोनोस्कोपी एकाच दिवशी लागली, मीच तशी मागून घेतली, नागपूरची एक चकर वाचते. ताई आदल्या दिवशी आमच्याकडं मुक्कामाला आली. संध्याकाळी दोघांनी समोरासमोर बसून पावडर प्यायली, दोन लिटर तिची, दोन लिटर माझी, माय मधे बसून मोजत होती कोणाचे किती ग्लास झाले. एकच गोष्ट माझ्या डोक्यातून निसटली होती. घरात संडास एक.

रात्री साडेअकरापासून पहाटेपर्यंत ताई दार वाजवत होती. "निंघ बाहीर! वावर घेतलं ना सारं, एवढं तं वाटून दे!"